डावी माय, उजवी माय

बाबांचे डोळे जायला लागले तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "दोन्ही डोळ्यांनं दिसून राह्यलं तोवर तुई माय मले एकदा उभी दाखव," ते म्हणाले. माय जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती.

ऐकणाऱ्याला वाटेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तसं अजिबात नव्हतं. बाबांचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत होतं, आणि ही मागणी माझ्याच कामातून निघाली होती.

मी चंद्रपूरला बसस्टँडमागच्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये शिकवायची. सायकलच्या दुकानावरचा हॉल, खुर्च्यांपेक्षा जास्त पोरं, आणि घुग्घुसकडून येणाऱ्या कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ सगळ्या पडद्यांवर. सकाळी ओल्या फडक्यानं पुसलेल्या मॉनिटरवर दुपारी बोटानं नाव लिहिता यायचं. सेंटरच्या मालकांना आम्ही सर म्हणायचो. त्यांना इंटरनेटचं वेड होतं आणि शब्द देऊन मोकळं व्हायची सवय. जंगलाच्या वाटेवर एकानं पर्यटकांसाठी लॉज बांधलं होतं. त्याला सरांनी परस्पर सांगून टाकलं की तुमची खोली आम्ही वेबसाइटवर उभी करतो, गिऱ्हाईक मुंबईत बसून तुमच्या खाटेभोवती फिरेल. व्हर्च्युअल रिॲलिटी! शब्द सरांचा, आणि काम माझ्या गळ्यात.

खोली मी केली. पण नुसती फिरणारी खोली सरांना पुरेना. ती चष्म्यातून अंगावर यायला हवी होती. त्यासाठी एकाच जागेची दोन चित्रं लागतात, एक डाव्या डोळ्याला दिसेल तसं, एक उजव्या डोळ्याला दिसेल तसं. एक लाल रंगात, दुसरं निळसर, आणि दोन्ही एकावर एक. चष्म्याची एक काच लाल, एक निळी, त्यामुळे प्रत्येक डोळ्यात एकेकच चित्र शिरतं. ती दोन डोक्यात जुळली की सपाट पडद्यातली वस्तू पुढे-मागे दिसायला लागते. चष्मे मी जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे कापले आणि काचांच्या जागी स्टेशनरीवाल्याकडचा जिलेटीन कागद चिकटवला.

लॉजवाल्यानं चष्मा चढवला आणि लगेच उतरवला. "बाई, डोकं दुखून राह्यलं ना," तो म्हणाला. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू ते दुखणं मी घरून डब्यात आणलं होतं.

चूक माझीच होती, पण ती शोधता शोधता नाकी नऊ आले. माणसाचे डोळे जवळचं पाहताना आत वळतात, म्हणून मीही दोन्ही कॅमेरे मधल्या खाटेकडे तिरपे वळवले होते. त्यानं खाट छान जुळत होती, पण भिंतींचे कोपरे एका चित्रात उंच आणि दुसऱ्यात ठेंगणे येत होते. डाव्या-उजव्या अंगाचा फरक डोळे पोटात घालतात. वर-खालचा मात्र अजिबात चालवून घेत नाहीत. शेवटी मी दोन्ही कॅमेरे नाकासमोर सरळ ठेवले आणि त्यांना वळवण्याऐवजी चित्राची चौकट तेवढी बाजूला सरकवली. कोपरे बसले. मच्छरदाणी पुढे आली, भिंत मागे गेली, आणि मला त्या दिवशी स्वतःचा भलताच गर्व वाटला.

बाबा त्याच सुमारास डोळे दाखवायला चंद्रपूरला आले होते. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांवर टिकेल तितकी टिकेल. उजवा डोळा पुढे निघाला होता, डावा त्याच्या मागोमाग. दवाखान्यातून आम्ही सेंटरवर आलो. त्यांना काय सांगावं ते सुचेना, म्हणून मी त्यांच्या नाकावर तो चष्मा ठेवला आणि लॉजची खोली लावली. बाबांनी मच्छरदाणीला हात लावायला हात पुढे केला. बोटं काचेला टेकली. बराच वेळ त्यांनी ती तिथून काढली नाहीत.

"असं माणसाचं होते काय वो?" त्यांनी विचारलं.

"दोन फोटो लागतात बाबा. थोड्या थोड्या अंतरावरून काढलेले."

"आहेत ना. तूच त काढले होते तुया मायचे." आणि मग ते मघाचं वाक्य.

फोटो होते, हे खरं. कॉलेजात असताना एका शिक्षकांनी सांगितलं होतं की साध्या कॅमेऱ्यानंही असा जोडफोटो निघतो. डाव्या पायावर भार देऊन एक फोटो काढायचा, भार उजव्या पायावर घेऊन दुसरा. मैत्रिणीचा कॅमेरा मागून आणला, रोलात शेवटचे दोन फोटो उरले होते. आमचं गाव नागभीडकडे, आम्ही ढिवर, म्हणजे मासे धरणारे; मामा तलावातली, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावातली मासोळी आणि शिंगाडे यांवर घर चालायचं. अंगणात बांबूवर जाळं वाळत होतं, माय हातात शिंगाड्यांनी भरलेलं सूप घेऊन उभी होती. "हलू नको," मी ओरडले. "मी काऊन हलू?" म्हणत ती हसली. मी एक फोटो काढला, भार बदलला, दुसरा काढला. रोल धुऊन आला तेव्हा परीक्षा होती, नंतर दुसरं काही, आणि ते दोन फोटो पेटीत राहिले.

मग एका पावसाळ्यात मायला ताप भरला. गडचिरोलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत ताप मेंदूत गेला होता. एसटीत ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून तलावाचं काहीबाही बोलत होती, आणि परतताना आमच्याकडे तिची चप्पल होती. तिचा दुसरा फोटो म्हणाल तर मतदार ओळखपत्रावरचा, पदराखाली एक काळा डाग. त्यातून बाबांना बायको दिसणार नव्हती.

म्हणून मी कामाला लागले. लॉजची खोली जुळवली, तर अंगण काय अवघड, असा तोरा होता. फोटो स्कॅन केले आणि एकेका डोळ्यापुढे एकेक लावले. पाय बदलताना माझा हात खाली गेला होता, कॅमेरा कलला होता. उजवा फोटो थोडा वर उचलला, थोडा फिरवला. जाळ्याचा बांबू बांबूवर बसला. मग दोन्ही बाजूंच्या कडा छाटल्या. पाय बदलला की एका फोटोत एका कडेला जास्तीची पट्टी येते, तिला दुसऱ्या फोटोत जोडीदार नसतो, आणि ती डोळ्याला टोचत राहते. छाटायची आणि विसरायची, अशी ही कामाची रीत. वीज जाऊन येऊन काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं ते वेगळंच.

एका रविवारी अंगण उभं राहिलं. जाळं पुढे, त्याच्या मागे कुडाची भिंत, भिंतीला टेकलेली मासोळीची टोपली, वर कौलांची उतरण. इतकं खरं की मला शेणाच्या सड्याचा वास आला. आणि या सगळ्याच्या मधोमध माय फाटलेली. एक लाल, एक निळी, एकमेकींत न मिसळणाऱ्या दोन बाया.

ती हलली होती. उजव्या फोटोत तिनं पदर कपाळाखाली ओढला होता आणि मान वळवून पाठमोरी व्हायला लागली होती. डोळ्यांवर ऊन आलं असेल असं मी धरून चालले. मायवर जुळवणी केली की अंगण फाटायचं, अंगणावर केली की माय. मग तिला कापून वेगळी काढली, वेगळी सरकवली, वेगळी फिरवली. चेहरा आणि पदर काही केल्या एक होईनात. शेवटी मी डाव्या फोटोतलीच माय दोन्हीकडे चिकटवली. ती जुळली, पण निवडणुकीत चौकात उभ्या करतात तशी पुठ्ठ्याची. पाठ नाही, पोट नाही. तिला पाहून मला शिसारी आली आणि मी ती फाइल पुसून टाकली. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी मात्र खूप रागावले. इतकंसं सांगितलं होतं, हलू नको म्हणून, तेवढंही बाईला जमलं नाही!

इकडे बाबांचा उजवा डोळा धुक्यात चालला होता. तो पुरता गेला की चष्मा असून नसून सारखा, एका डोळ्यानं काहीच उठून दिसत नाही. गावाहून निरोप आला की आता उजव्या बाजूचा माणूस आवाजावरून ओळखावा लागतो. मग मी जुळवणीचा नाद सोडला. जेवढं झालं तेवढं दाखवू, असं ठरवून त्यांना बोलावून घेतलं.

रविवार होता, सेंटर बंद. सरांनी किल्ली दिली होती. बाबांना मोठे बाबा घेऊन आले, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आमचं घर एक, अंगण एक. दोघांनी जन्मभर एकाच डोंग्यातून जाळं टाकलं, आणि आता मोठे बाबा एका हातात काठी घेत, दुसरा बाबांना देत. नागभीडहून चांदा फोर्ट स्टेशनपर्यंत रेल्वेत त्यांनी बाबांना खिडकीशी बसवून आणलं होतं आणि बाहेर काय काय जातंय ते सांगत आले होते. जिन्यापाशी मात्र ते थांबले. "मी खालीच बसतो," म्हणाले. गुडघ्यांमुळे असेल असं मला वाटलं.

बाबांना खुर्चीत बसवलं, चष्मा लावला. त्यांनी तो नाकावर नीट सरकवला आणि मान पुढे काढली.

"जाळं आहे. आपलंच होय. ओलं आहे अजून."

"हो बाबा."

"टोपली दिसली. अन्..." त्यांनी चष्मा जरा वर-खाली केला. "तुई माय दोन-दोन काऊन दिसून राह्यली?"

"थांबा जरा," म्हणत मी त्यांचा चष्मा काढला आणि उगाच जुळवणी तपासायचं बटण दाबायला लागले. ते मी माझ्या सोयीसाठी ठेवलं होतं. एकदा दाबलं की नुसता डावा फोटो दिसे, पुन्हा दाबलं की नुसता उजवा. भरभर दाबत राहिलं की बसलेल्या वस्तू जागच्या हलत नाहीत आणि न बसलेल्या नाचतात. जाळं हललं नाही, भिंत हलली नाही. त्या थिजलेल्या अंगणात फक्त माय हलत होती. पदर ओढायची, मान वळवायची. पुन्हा तोंड उघडं, पुन्हा पदर.

बाबा पडद्याला नाक लावून पाहत होते. तेवढ्यात जिन्यात कुणीतरी खाकरलं.

मोठे बाबा होते, पाणी मागायला वर आले असावेत. दार उघडंच होतं. बाबांनी पडद्यावरून नजर न काढता मागे हात उचलला आणि म्हणाले, "थांब गा दादा. ते आहे इथी, हिची माय."

आणि मोठे बाबा थांबले. उंबऱ्याबाहेर, तोंड भिंतीकडे करून.

ते खाकरणं मी जन्मापासून ऐकत आले होते. मोठे बाबा अंगणात यायच्या आधी बाहेरूनच खाकरत, म्हणजे मायला पदर घ्यायला आणि बाजूला व्हायला वेळ मिळे. तो तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर तोंड उघडं ठेवायचं नाही, त्याच्या वाटेत यायचं नाही. ते तिला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. तापात ती पडली तेव्हा एसटी थांबवायला रस्त्यावर आडवे उभे राहिले ते तेच. पण माझ्या आठवणीत तरी ती दोघं समोरासमोर कधी आली नाहीत. त्या दिवशी अंगणातही ते खाकरले असणार. मी भार या पायावरून त्या पायावर घेत होते, तेवढ्यात. मला आठवत नाही. रोजचा आवाज कोण लक्षात ठेवतं?

मी मूळ स्कॅन उघडला, न छाटलेला. उजव्या फोटोच्या कडेला धोतराची पांढरी पट्टी होती आणि काठीचं टोक. हीच पट्टी मी दर वेळी कापून फेकत होते, तिला जोडीदार नाही म्हणून.

मला संताप आला, आणि तो ठेवायला जागा सापडेना. दारात भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्यावर कसा काढू? त्यानंच तर माझ्या आंधळ्या होत चाललेल्या बापाला हाताला धरून आणलं होतं. मायवर तर तो आधीच काढून झाला होता, आणि आता त्याची लाज वाटत होती.

"बाबा," मी म्हटलं, "हे फोटो जुळत नाहीत. जुळणारच नाहीत. डाव्यात मोठे बाबा यायच्या आधीची माय आहे आणि उजव्यात ते आल्यावरची."

त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "मंग एक एक दाखव."

मी डावा फोटो लावला आणि मोठा केला. माय माझ्याकडे पाहून हसत होती, म्हणजे आता बाबांकडे. तोंड पूर्ण उघडं, डोळे बारीक झालेले, पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. बाबा आधी डाव्या डोळ्यानं पाहत राहिले, मग मान वळवून उजव्यानं प्रयत्न केला, मग पुन्हा डाव्यानं. बाहेर ट्रक जात होते आणि खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

"असी हासे काय वो ते?" त्यांनी मला विचारलं.

शेजारच्या गावातल्या एखाद्या बाईबद्दल विचारावं तसं विचारलं. मी लहानपणी मायसोबत बाजारात जायची, मासोळीची टोपली पुढे घेऊन ती बसायची आणि गिऱ्हाइकांशी अशीच हसायची, टाळ्या देऊन, पदर खांद्यावर टाकून. बाबा बाजारात कधी येत नसत, आमच्यात विकायचं काम बायांचं. घरी आली की मोठे बाबा ओसरीवर बसलेले असत.

"बाजारात हासे बाबा," मी म्हटलं.

"असन. मले नाई ठाऊक." त्यांनी चेहरा पडद्यापासून दूर घेतला. "तो दुसरा लाव."

मी उजवा लावला. अर्धी वळलेली, पदर कपाळाखाली, सूप छातीशी धरलेलं, हनुवटी तेवढी दिसणारी. बाबांचा चेहरा सैल झाला. त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि पदराच्या कडेवरून हळूहळू खाली आणलं. धुळीत त्याची रेघ उमटली.

"हे. हे होय तुई माय."

मग ते खुर्चीत वळले आणि दाराकडे पाहून, जिथे त्यांना आता फार तर एक सावली दिसत असेल, मोठ्यानं म्हणाले, "ये गा दादा, ये आता. पदर घेतला तिनं."

मोठे बाबा आत आले. खाली पाहत, पडद्याला वळसा घालून, भिंतीच्या कडेकडेनं. माझ्याजवळ येऊन त्यांनी हळू आवाजात पाणी मागितलं. मी माठातून पेला भरून दिला आणि रडू लपवायला तिथेच माठाकडे तोंड करून उभी राहिले. दोघं भाऊ पाण्याबद्दल, गाडीच्या वेळेबद्दल काहीबाही बोलत होते.

बाबांचा उजवा डोळा त्या हिवाळ्यात गेला. डाव्यानं आणखी काही दिवस साथ दिली, मग तोही गेला. अंधारात बसून ते कधीकधी म्हणत, "पाह्यली मी तिले. चांगली उभी पाह्यली." मी हो म्हणायची. त्यांच्या डोळ्यांपुढे कोणती माय राहिली आहे हे विचारायची गरज नव्हती. डाव्या फोटोतली ती हसणारी बाई माझ्याशिवाय घरात कुणाच्याच ओळखीची नाही.